विश्लेषण : प्रवासी मोटारीला स्टार, मालवाहू व्हॅनला का नाही? ‘ओम्नी’ ते ‘ईको’ प्रवासातून काय दिसते?

पहाटे सोसायटीच्या गेटशी दुधाचे क्रेट उतरवणारी, दुपारी कुरिअरची पार्सले वाटणारी आणि संध्याकाळी केटररची पातेली कार्यालयात पोहोचवणारी छोटी व्हॅन आपल्या इतकी नजरेतली आहे, की तिच्याकडे कुणी गाडी म्हणून बघतच नाही. २०२५ या वर्षात मात्र तिच्या आजूबाजूला बरेच काही घडले. मे महिन्यात मारुती सुझुकीने ‘ईको’मध्ये सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली. २२ सप्टेंबरपासून छोट्या मोटारी आणि मालवाहू वाहने या दोन्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबरपासून नव्या ट्रकमध्ये चालकासाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. करकपात वगळता यातले काहीच मालवाहू व्हॅनच्या चालकाच्या वाट्याला आले नाही. सहा एअरबॅगांची बातमी प्रवासी ईकोची होती आणि वातानुकूलित केबिनचा नियम मोठ्या ट्रकचा. हा चालक मधल्या फटीत कसा सापडला, हे समजायला त्याच्या गाडीचा इतिहास आणि तिची रचना दोन्ही पाहावे लागते.

एम-१, एन-१ ही भानगड काय?

आपल्याकडे वाहनांची सरकारी विभागणी अक्षर आणि आकड्यांनी होते. माणसे नेणारी, चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची मोटार म्हणजे एम-१. माल नेणारे आणि मालासह एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेले वाहन म्हणजे एन-१. साडेतीन ते बारा टन एन-२ आणि त्यापुढे एन-३. ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेली ‘भारत एनकॅप’ ही स्टार देणारी चाचणी एम-१साठी आहे. २०१९मध्ये चालकाला आणि त्यानंतर शेजारच्या प्रवाशाला एअरबॅग सक्तीची झाली, तीही एम-१ गटात. वातानुकूलित केबिनची सक्ती एन-२ आणि एन-३ची.

राहिला एन-१. या गटाला नियमच नाहीत असे नाही. ब्रेक, पट्टे, सुकाणू यांच्या चाचण्या त्यालाही आहेत. पण समोरासमोर धडक झाली तर आत बसलेल्याचे काय होईल, हे गिऱ्हाइकाला एका नजरेत कळेल असा जाहीर निकाल नाही. मोठ्या ट्रकच्या चालकाइतकी त्याच्या घामाची दखलही नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या, पुढून हुबेहूब दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी मागे आसने असली तर ती मोटार; आसने काढून पत्रा लावला की ती माल वाहणारी. पुढे बसलेल्या माणसाची हाडे दोन्हीकडे सारखीच असतात.

मोटारीवरून व्हॅन करण्याची पद्धत कुठली?

युद्धोत्तर युरोपातली. फ्रान्सच्या सिट्रोएनने १९५१मध्ये आपल्या ‘टू-सीव्ही’ या स्वस्त मोटारीची व्हॅन बाजारात आणली. ३७५ सीसी इंजिन, जेमतेम नऊ अश्वशक्ती आणि माल २५० किलो. पुढचा भाग जसाच्या तसा मोटारीचा, मागे पन्हाळीदार पत्र्याची पेटी. पन्हाळी शोभेसाठी नव्हती. पातळ पत्रा मुडपला की तो ताठ होतो, म्हणून कमी लोखंडात काम भागते. आपल्याकडच्या छपरांच्या पत्र्याचेही तेच तत्त्व. बेकरीवाला, शेतकरी, पोस्टमन अशा सगळ्यांची ती गाडी झाली. १९६१मध्ये आलेल्या ‘रेनो ४’च्या व्हॅनला तर छताच्या मागच्या टोकाला छोटी झडप होती. ती उघडली की शिडी किंवा लांब पाइप वरून बाहेर काढता यायचा.

ब्रिटनमध्ये ‘मॉरिस मायनर’ची व्हॅन १९५३पासून मिळू लागली. मोटारीला वेगळी चॅसी नव्हती, व्हॅनला मात्र वजन पेलण्यासाठी ती दिली गेली. टपाल खात्याने घेतलेल्या सुरुवातीच्या व्हॅनचे पुढचे मडगार्ड रबराचे होते. गल्लीबोळात रोज कुठे ना कुठे घासणारच, तर पत्रा ठोकत बसण्यापेक्षा रबर बरे, असा हिशेब. ‘बेडफर्ड एचए’ची गोष्ट आणखी वेगळी. ती ज्या ‘व्हॉक्सहॉल व्हिवा’वर बेतली होती ती मोटार १९६६मध्ये बंद झाली, व्हॅन १९८३पर्यंत बनत राहिली. मोटारीला फॅशन असते, तिला दर काही वर्षांनी नवे कपडे लागतात. व्हॅनला फक्त काम असते.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान होती. इंजिन पुढे, बॉनेटखाली. म्हणजे चालकाच्या पायांपुढे लोखंडाचे हातभर नाक होते. त्या काळी धडक-चाचण्यांचा विचार फारसा कुणी करत नव्हता, पण ते नाक आयतेच मिळाले होते.

मग नाक कापले कुणी?

जपानने आणि त्याला कारण होते नियम. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा गट आहे. त्यात बसणाऱ्या गाडीला कर कमी, पण लांबी-रुंदीवर बंधन. १९७६च्या नियमात लांबी ३.२ मीटर आणि रुंदी १.४ मीटर होती, इंजिन ५५० सीसीपर्यंत. त्याआधी तर लांबी तीन मीटरच होती. इतक्या लांबीत मीटरभर बॉनेटला दिले, तर चालकाला जागा दिल्यावर मालाला उरते काय? सुझुकीने १९६१पासून ‘कॅरी’ या मालिकेत याचे उत्तर शोधले. इंजिन आसनाखाली ढकलायचे आणि चालकाला थेट पुढच्या चाकांवर बसवायचे. गाडीची लांबी म्हणजे जवळपास पूर्ण वापराची जागा. डोंबिवलीतल्या वनरूम किचनमध्ये पलंगाखाली ट्रंका सरकवण्याची युक्ती आहे तशीच ही.

याच कॅरी घराण्यातली गाडी १९८४च्या अखेरीस ‘मारुती व्हॅन’ म्हणून भारतात आली. ‘मारुती ८००’ची पहिली किल्ली डिसेंबर १९८३मध्ये दिली गेली, त्यानंतर साधारण वर्षभराने. कंपनीचे ते दुसरेच उत्पादन. १९८८मध्ये तिचे नाव ‘ओम्नी’ झाले, तरी महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या तोंडी शेवटपर्यंत ती ‘मारुती व्हॅन’च राहिली.

ती मोटारीवर बेतलेली व्हॅन म्हणायची का?

सांगाडा पाहिला तर नाही. हृदय पाहिले तर होय. ओम्नीत ८००चेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते. अभियांत्रिकीला असताना आमच्या वर्कशॉपमध्ये हे इंजिन मधोमध कापून स्टँडवर बसवलेले होते आणि सर दरवर्षी तोच प्रश्न विचारायचे : हे मोटारीचे आहे की व्हॅनचे? उत्तर असे की ब्लॉकवरून सांगता येत नाही. ८००मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीत ते उभ्या दिशेने, पुढच्या आसनांखाली बसते आणि लांब शाफ्टने मागची चाके फिरवते.

या फिरवाफिरवीला अर्थ आहे. मागे माल भरला की वजन मागच्या चाकांवर येते. ज्या चाकांवर वजन, त्यांची रस्त्यावरची पकड जास्त. मागची चाके ओढणारी असतील तर भरलेली गाडी चढावर घसरत नाही. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत नेमके उलट होते. घाटात माल मागे बसतो आणि पुढची चाके हलकी पडतात. म्हणून अवघ्या ३५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद असलेली ही गाडी माल भरून चढ चढायची. मागे पाट्यांची स्प्रिंग होती. रिकामी असताना ती उडायची आणि भरली की शांत व्हायची. ते वैगुण्य नव्हते. पाटे भरलेल्या वजनाच्या हिशेबाने बसवले होते.

आता आकडे पाहा. लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे आजच्या बहुतेक हॅचबॅकपेक्षा कमी. दोन चाकांच्या जोड्यांमधले अंतर फक्त १८४० मिलिमीटर. त्यामुळे ४.१ मीटर त्रिज्येत गाडी वळायची. पुण्यातल्या पेठांत किंवा भुलेश्वरच्या गल्लीत हा आकडा म्हणजे रोजचा अर्धा तास. दोन्ही बाजूंना सरकती दारे, मागे वर उचलले जाणारे दार. दार उघडायला बाजूला जागा लागत नाही, हे रस्त्याकडेला गाडी लावून माल उतरवणाऱ्यालाच कळते. हिंदी चित्रपटांतल्या अपहरणकर्त्यांनाही ते कळले आणि बिचाऱ्या गाडीची बदनामी झाली, तो भाग वेगळा.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी गंमत इंजिनाच्या पुढची होती. ८०० गल्लोगल्ली होती, म्हणून ८००चा फिटर गल्लोगल्ली होता. पिस्टन रिंग, वॉटर पंप, क्लच प्लेट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायची. मोटार विकणाऱ्या शोरूममधूनच ती यायची आणि रविवारी आसने लावून कुलदैवताला जाता यायचे. मोटारीवर बेतलेली व्हॅन म्हणजे मोटारीच्या बाजारपेठेवर, तिच्या सुट्या भागांच्या दुकानांवर जगणारी व्हॅन. ८०० जानेवारी २०१४मध्ये बंद झाली. ओम्नी त्यानंतरही पाच वर्षे, २०१९पर्यंत बनत राहिली. बेडफर्डची आठवण यावी अशीच गोष्ट.

नाक नसण्याची किंमत किती?

यासाठी बारावीचे भौतिकशास्त्र पुरते. ताशी ५६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंधरा मीटर. हा वेग शून्यावर यायला गाडीला चुरगळायला ६० सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट येते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल तर सुमारे ६० पट. अंतर तीनपट कमी, तर धक्का तीनपट जास्त. प्रत्यक्ष धडक इतकी सरळ नसते. पट्टा ताणला जातो, पत्रा वेगवेगळ्या टप्प्यांत दबतो. पण दिशा तीच.

बॉनेट हे इंजिनाचे झाकण आहे असे आपण समजतो. धडकेत ते चुरगळण्यासाठी राखून ठेवलेले अंतर असते. ओम्नीत चालकाच्या पायांपुढे काच, पत्रा आणि बंपर एवढेच होते. त्याची पावले पुढच्या चाकांच्याही पुढे. ज्या रचनेमुळे साडेतीन मीटरपेक्षा कमी लांबीत इतका माल मावायचा, त्याच रचनेमुळे चालकाचे गुडघे गाडीचे पहिले धडकरोधक होते. ही स्वस्ताई कुणाच्या तरी पायांवर उभी होती, असे म्हटले तर कठोर वाटेल. पण गणित तसेच आहे.

ऑक्टोबर २०१७पासून नव्या आणि ऑक्टोबर २०१९पासून सर्व मोटारींना समोरून व बाजूने धडकेची चाचणी सक्तीची झाली. त्यापाठोपाठ एप्रिल २०२०मध्ये ‘बीएस-६’ प्रदूषण निकष येत होते. चालकाच्या पुढे जागाच नसलेल्या गाडीत ती नव्याने निर्माण करायची म्हणजे गाडीच नवी करायची. कंपनीने ओम्नी थांबवली.

ईकोने काय बदलले?

उत्तर खरे तर २००१पासूनच शोरूममध्ये उभे होते. अमिताभ आणि अभिषेक बच्चन यांना जाहिरातीत घेऊन आणलेली ‘वर्सा’. कुटुंबासाठी ऐसपैस गाडी म्हणून ती सपशेल पडली. दिसायला व्हॅन आणि किंमत मोटारीची, हे गिऱ्हाइकाला पटले नाही. पण तिची रचना ओम्नीच्या एक पिढी पुढची होती. जानेवारी २०१०मध्ये तोच सांगाडा, चैनीच्या गोष्टी काढून आणि १.२ लिटर इंजिन घालून, ‘ईको’ म्हणून आला आणि चालला. २०१५मध्ये तिची ‘कार्गो’ आवृत्ती आली. फेब्रुवारी २०२३पर्यंत ईकोची विक्री दहा लाखांपुढे गेली होती.

दोन आकड्यांत फरक कळतो. ईकोची लांबी ३६७५ मिलिमीटर, ओम्नीपेक्षा ३०५ने जास्त. पण चाकांमधले अंतर २३५०, म्हणजे तब्बल ५१० मिलिमीटरने जास्त. गाडी जेवढी वाढली त्यापेक्षा चाके जास्त लांब गेली. म्हणजेच पुढची चाके चालकाच्या आसनाखालून निघून दाराच्या पुढे सरकली आणि वर आखूड नाक आले. इंजिन मात्र अजूनही आसनाखालीच आहे. त्यामुळे ते नाक बऱ्यापैकी मोकळे, चुरगळायला उपलब्ध. वळण्याची त्रिज्या ४.१वरून ४.५ मीटर झाली. पाट्यांच्या जागी मागे कॉइल स्प्रिंग आल्या. सुरक्षिततेचा भाव असा मिलिमीटरमध्ये मोजता येतो : हातभर लांबी आणि वळताना थोडा त्रास.

एवढ्याने भागले का? २०१६मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने एअरबॅग नसलेली ईको ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात तिला शून्य स्टार मिळाले. त्या फेरीत इतरही गाड्यांना शून्यच मिळाले होते, ही पळवाट नाही. उलट त्या काळच्या स्वस्त गाड्यांचे चित्र आहे. त्यानंतर ईकोत चालकाची एअरबॅग, एबीएस, मागचे पार्किंग सेन्सर आले. नोव्हेंबर २०२२मध्ये मारुतीच्या इतर मोटारींतले के-सीरिज १.२ लिटर इंजिन आले आणि २०२५मध्ये प्रवासी आवृत्तीला सहा एअरबॅग. यातली बहुतेक पावले मोटारीच्या नियमांमुळे पडली. मोटारीला जे सक्तीचे होते त्यातले जेवढे एकाच सांगाड्यामुळे आपोआप येते, तेवढे कार्गोला मिळते. बाकीचे वगळता येते.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली का?

हो, आणि ती शब्दांतही उरली आहे. आपण माल नेणाऱ्या कुठल्याही छोट्या ट्रकला ‘टेम्पो’ म्हणतो. ते नाव हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीचे. तिच्याशी करार करून फिरोदियांनी १९५८मध्ये ‘बजाज टेम्पो’ उभी केली. आधी तीनचाकी, मग ‘मॅटाडोर’ आणि कारखाना पुण्याजवळ आकुर्डीत. कंपनीचे नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ झाले तरी भाषेतला टेम्पो हलला नाही.

२००५मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ आणली, आपला ‘छोटा हत्ती’. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प झाला. ती व्हॅन नव्हे, उघड्या हौद्याचा छोटा ट्रक. पण तिचाही जीव मोटारीचाच. ‘इंडिका’च्या १४०५ सीसी चार सिलिंडर डिझेल इंजिनाचे दोन सिलिंडर कमी केले, की उरते ७०२ सीसी. नेमके तेच इंजिन एसमध्ये होते. १६ अश्वशक्ती, पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. मारुतीने २०१६मध्ये ‘सुपर कॅरी’ आणली, तिच्यातही ‘सेलेरिओ’ मोटारीचे ७९३ सीसी डिझेल इंजिन होते. युरोपने मोटारीच्या पाठीवर पेटी बसवली. आपण पेटीत मोटारीचे इंजिन बसवले. युरोपच्या पद्धतीत मोटारीचे नाकही व्हॅनला वारशाने मिळते, आपल्या पद्धतीत फक्त इंजिन मिळते. फरक इतकाच आहे आणि तो बराच मोठा आहे.

परवाना आणि परमिट सोपे, मग अडचण कुठे?

छोट्या व्हॅनची लोकप्रियता कायद्यातही दडली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६नुसार एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. नोंदणी, पासिंग, विमा हे सगळे लागते, परमिट नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपेक्षा कमी वजनाचे व्यावसायिक वाहन चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, यावर शिक्कामोर्तब केले. विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारत होत्या, म्हणून या निकालाचा अर्थ अपघातग्रस्त कुटुंबांसाठी फार मोठा आहे.

म्हणजे मोटार चालवायला शिकलेला कुणीही तरुण उद्यापासून पार्सलची व्हॅन चालवू शकतो. रोजगार म्हणून हे चांगलेच आहे. पण त्याच कायद्याच्या नजरेत तो मोटार चालवत नसतो. परवान्यापुरता तो मोटारचालक आणि एअरबॅग, स्टार यांचा विषय निघाला की मालवाहतूकदार. ही विसंगती कुणी मुद्दाम केलेली नाही. एन-१ हा गटच मुळात लोखंडी केबिन आणि हौदा असलेले छोटे ट्रक डोळ्यांपुढे ठेवून आखलेला आहे. मोटारीच्या सांगाड्यातली व्हॅन त्यात केवळ मागे माल आहे म्हणून जाऊन बसते.

आणि मालाचे स्वतःचेही भय असते. धडकेत गाडी थांबते, मागचा माल थांबत नाही. वरच्या गणितातले २० पट मंदन धरले, तर २० किलोचा क्रेट चालकाच्या पाठीवर ४०० किलोंच्या वजनाइतक्या जोराने येतो. एअरबॅग पुढून येणाऱ्या धोक्यासाठी असते. मागून येणाऱ्या क्रेटला अडवायला चालक आणि माल यांच्यामध्ये मजबूत जाळी किंवा पत्र्याची भिंत लागते. प्रवासी ईको घेऊन मागची आसने काढायची आणि माल भरायचा, असे अनेक जण करतात. अशा गाडीत ही भिंत नसतेच. शिवाय पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाड्याने माल नेणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकण्याची भीती असते.

बाहेर काय चालले आहे?

युरो एनकॅपने डिसेंबर २०२०पासून व्यावसायिक व्हॅनचे स्वतंत्र मूल्यमापन सुरू केले. तिथला भर आपोआप ब्रेक लावणे, लेन सोडल्यास सावध करणे यांसारख्या तंत्रांवर आहे. कारण मोटारींत ही साधने आली तरी कंपन्या व्हॅनमध्ये ती ऐच्छिक ठेवत होत्या. निकाल जाहीर होऊ लागल्यावर मोठ्या ताफ्यांच्या मालकांना तुलना करता येऊ लागली. आपल्याकडेही ई-कॉमर्स कंपन्या आणि त्यांचे कंत्राटदार हजारोंच्या संख्येने गाड्या लावतात. चालक स्वतः गाडी निवडत नाही, कंत्राटदार निवडतो आणि तो मायलेज आणि मासिक हप्ता पाहतो. स्टार छापलेला असेल तरच तो पाहायचा प्रश्न येईल.

‘भारत एनकॅप’च्या कक्षेत सगळा एन-१ गट आणणे कठीण आहे. उघड्या हौद्याचा ट्रक आणि बंद व्हॅन यांना एकच कसोटी लावणे तांत्रिकदृष्ट्याही बरोबर नाही. पण ज्या मालवाहू गाडीचा सांगाडा एखाद्या एम-१ मोटारीचाच आहे, तिला त्या मोटारीच्या पुढच्या दोन आसनांइतके संरक्षण आणि मागे प्रमाणित भिंत बंधनकारक करणे इतके अवघड दिसत नाही. सांगाडा तोच, एअरबॅगचे सुटे भाग तेच, जोडणीची ओळही तीच. खर्च वाढेल, यात शंका नाही आणि या गाडीचे गिऱ्हाईक हजार-दोन हजारांवर घासाघीस करणारे आहे. मात्र सप्टेंबर २०२५च्या करकपातीने किमतीत जी जागा मोकळी झाली, तिच्यातला थोडा भाग यासाठी वापरता आला असता. ती वेळ अजून पूर्ण टळलेली नाही.

इलेक्ट्रिक व्हॅनने प्रश्न सुटेल का?

थोडासा. टाटाने २०२२मध्ये ‘एस ईव्ही’ आणली आणि जून २०२५मध्ये ३.९९ लाखांपासून सुरू होणारी ‘एस प्रो’ पेट्रोल, द्विइंधन आणि इलेक्ट्रिक अशा तिन्ही रूपांत आली. बॅटरी जमिनीखाली आणि मोटार मागच्या चाकांजवळ गेली की आसनाखालचे इंजिन नाहीसे होते. उन्हाळ्यात खालून लागणारी ऊब गेली, आवाज गेला. चालकाला थोडे मागे आणि खाली बसवून पुढे चुरगळण्याची जागा सोडणे डिझाइनरला सोपे झाले. पण सोपे झाले म्हणून तो ते करेलच असे नाही. मोकळी झालेली लांबी मालालाही देता येते आणि जाहिरातीत माल किती मावतो हेच छापले जाते.

दरम्यान, आज मालवाहू व्हॅन घेणाऱ्याने डीलरकडे तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : या आवृत्तीत एअरबॅग किती आणि कुठल्या आसनाला, चालकामागची भिंत कंपनीची आहे की बाहेरून बसवलेली आणि आरसी बुकावर गाडीचा वर्ग कोणता नोंदला जाणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रवासी आवृत्तीच्या माहितीपत्रकावर बोट ठेवून दिले जात असेल, तर कार्गोचे माहितीपत्रक वेगळे मागावे.